खादिमेच्या खोलीतली मामी

१२ ऑक्टोबर

कोथिंबीर या विषयावर माझं या अरबी राज्याशी गंभीर भांडण आहे. आज तिसऱ्यांदा — तिसऱ्यांदा! — मी बकदूनिस घेऊन आलो. दिसायला कोथिंबीर, देठ कोथिंबिरीचे, जुडी बांधायची तऱ्हाही तीच. घरी येऊन पोह्यांवर भुरभुरली की कळतं, आपण पार्सली खातो आहोत. दुकानदाराला बोललो तर म्हणतो, "सेम सेम, सर!" अद्वैत असं दोन शब्दांत पाठशाळेत कोणी शिकवलं नव्हतं. इरा म्हणाली, "बाबा, जस्ट स्मेल इट बिफोर यू बाय." बारावीतली मुलगी बापाला वास घ्यायला शिकवते.

इराच्या आईने, मधुमतीने, पोहे खाल्ले नाहीत. त्यात पार्सलीचा दोष नाही. पहिल्याच घासाला उजव्या गालातून वीज गेली तिच्या. चमचा हातात तसाच. डोळे मिटलेले. आम्ही दोघं ताटात बघत बसलो — तिच्याकडे बघितलेलं तिला आवडत नाही.

१३ ऑक्टोबर

चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. जेवताना, दात घासताना, बोलताना. एसीचा झोत लागला तरी. डॉक्टर इंग्रजीत लांबलचक नाव सांगतात. आपल्या जुन्या वैद्यांनी एका शब्दात आटपलं आहे — अनंतवात. अनंत! नाव ठेवणाऱ्याला बहुधा स्वतःलाच होतं.

गोळ्या वाढवल्या. दुखणं थोडं कमी, गुंगी फार. भिंतीला धरून चालते. ऑपरेशन हा उपाय आहे — कानामागून कवटी उघडून. 'करायचं तर पुण्यात, आणि इराची परीक्षा झाल्यावर. मार्चनंतर.' हे तिने मोबाइलवर टाइप करून दाखवलं. हल्ली ती अशीच बोलते. शेजारी बसून मेसेज पाठवते.

आणि हसली तरी कळ येते. सत्तावीस वर्षं मी या बाईला हसवण्यावर संसार चालवला. आता घरात विनोदाला बंदी. म्हणून ही वही. इथे कोणाला दुखत नाही.

१९ ऑक्टोबर

शहराच्या टोकाला, अल सुलैला, हुसेनमियाँच्या गोदामात गेलो होतो. दापोलीचा माणूस, तीस वर्षं इथे, टायरांचा धंदा. ऑफिसात एक पिवळा कॅनरी पाळला आहे. पिंजऱ्याखाली सांडलेल्या दाण्यांतला एक, कूलरच्या पाण्यावर, भिंतीच्या कडेला उगवला होता. करवती कडेची बोटं पसरलेला पंजा. वीतभरही नाही.

मी ओळखला. वडिलांच्या हट्टापायी मॅट्रिकपर्यंतची वर्षं त्र्यंबकच्या पाठशाळेत काढली. मागे बैरागी असत, आणि बैराग्यांच्या मागे हे असे. भांग!

हुसेनमियाँचं लक्ष नव्हतं. रोप उपटून चुरडलं, नाल्यात टाकलं. दुसऱ्या कोणी ओळखलं असतं तर हुसेनमियाँ तुरुंगात. मग खाली बसून बूट बांधल्यासारखं करून तसलेच करडे, ठिपक्यांचे दाणे वेचले. तेवढ्यात ते आलेच.

"काय वो भटजी, माज्या पाखराचा दाना खिशात भरताय? वैनी जेवाय घालीत नाय काय?"

हसलो. खरंच घालत नाही. मीच करतो, आणि ती खात नाही.

२० ऑक्टोबर

हे मी काय करतो आहे? या देशात याला काय शिक्षा आहे ते मला नक्की माहीत नाही. आणि विचारायचं कोणाला? वकिलाला? गूगलला? विचारणं हाच पुरावा.

जुन्या ग्रंथांत वेदनेवर हिचं नाव आहे. मी वैद्य नाही. मी गॅसच्या गळतीचे अलार्म तपासणारा इंजिनिअर आहे. पण काल मधुमतीला झोपेतच कळ आली, आणि ती उशी तोंडात धरून ओरडली. इराला ऐकू जाऊ नये म्हणून.

२२ ऑक्टोबर

पेरले. खादिमेच्या खोलीत. प्रत्येक फ्लॅटला मोलकरणीसाठी अशी एक बिनखिडकीची खोली असते. आमच्याकडे खादिमा नाही. इस्त्रीचं टेबल, सुटकेसा आणि आता एक कुंडी, बाजूला दिवा.

२८ ऑक्टोबर

एकच उगवलं. बाकीचे दाणे मुके.

२ नोव्हेंबर

नाव ठेवावं लागलं. मनातल्या मनातसुद्धा खरं नाव उच्चारवेना. संस्कृतात हिला नावं पुष्कळ — विजया, जया, मादिनी. आणि मातुलानी. मातुलानी म्हणजे मामाची बायको! कोणत्या कोशकाराला आपली मामी बघून हे सुचलं असेल, देव जाणे. ठरलं. मामी.

मामी बऱ्या आहेत. दोन पानं.

१४ नोव्हेंबर

आज दाढ दुखते म्हणून ऑफिसातून लवकर आलो. दाढ माझी ठणठणीत. मधुमती जमिनीवर बसली होती, कपाटाला टेकून, दुपट्टा गालावर. एसी बंद, घाम वाहतोय. किती वेळ बसली होती? बोटांनी खूण केली — विचारू नका.

मामींना पाणी घातलं. म्हणालो, लवकर वाढा हो. भीक मागितल्यासारखा आवाज निघाला माझा.

२९ नोव्हेंबर

मामींना वास येऊ लागला! दाराच्या फटीत कापड कोंबलं, बाहेरून कुलूप घातलं. उदबत्ती लावली, मग धूप, मग अल मलाझच्या बाजारातून बखूर आणून निखाऱ्यावर घातला. इमारतीत माझ्याइतका धार्मिक माणूस दुसरा नाही.

आज पाण्याची टाकी बघायला हारिस आला. आमच्या इमारतीचा रखवालदार, येमेनी, भला माणूस. दारातच थांबला. नाक वर केलं.

"माशाल्ला," म्हणाला. "बखूर. गुड, गुड."

तो गेल्यावर मोरीत जाऊन उलटी केली.

११ डिसेंबर

झालं! फुटलं!

मी मामींशी बोलतो, ही माझी चूक. "मामी, जरा उजेडाकडे सरका" एवढंच म्हणालो होतो. इरा पाणी प्यायला उठली होती. तिने आईला सांगितलं — "आई, बाबा खादिमा-रूममध्ये कुठल्यातरी मामीशी बोलतात. इट्स वीअर्ड."

संध्याकाळी इरा क्लासला गेल्यावर शेजारी बसलेल्या बायकोचा मेसेज. 'ही मामी कोण?'

मी उठलो, हात धरून नेलं, दार उघडलं. मामी दिव्याखाली, कंबरेएवढ्या. मधुमतीने बघितलं. बराच वेळ. मग टाइप केलं: 'अंबाडी?'

मी म्हणालो, "विजया. मातुलानी. म्हणून मामी."

आणि ती हसली. ते जुनं, नाकातून सुटणारं हसू! क्षणभर सगळं परत आलं — आणि दुसऱ्या क्षणी ती भिंतीवर आदळली. मी तिला धरून खाली बसलो. मीच केलं हे. एका श्लेषाने.

नंतर तिने लिहिलं: 'उपटा. इराचं काय होईल?'

म्हणालो, फुलं येऊ दे. फुलांतच काय ते असतं. एकदा बघू. मग उपटतो.

मग तिने टाइप केलं: 'तुरुंगात डबा आणायला मी येणार नाही.'

याला मी होकार समजलो.

२६ डिसेंबर

आठवडाभर रोज पाच-सहा वेळा कळ. ती आता फक्त पातळ भात पिते, थंड, नळीने. वजन किती गेलं ते मोजत नाही आम्ही. इराने विचारलं, "आई को क्या हो रहा है, सच बताओ ना." हिंदीत विचारलं. मराठीत विचारलं असतं तर मला रडू आलं असतं, हे तिला कसं कळलं?

फुलं नाहीत.

८ जानेवारी

फांद्यांच्या बेचक्यांत बारीक काहीतरी! मोहरीएवढं. चष्मा लावून, काढून, परत लावून बघितलं. मधुमतीला सांगितलं. तिने मान हलवली. हल्ली ती मान हलवते फक्त.

१६ जानेवारी

वरच्या मजल्यावरची चारुता आली. मनीषची बायको, नाशिककडची, उत्साह सांडतो. संक्रांतीचं हळदीकुंकू सुट्टीच्या दिवशी, म्हणून आज. हातात तिळगूळ, कुंकवाची कोयरी आणि दोन वाणं.

"एक मधुमतीताईंचं, एक मामींचं!"

"कोणाच्या?"

"इरा बोलली ना परवा लिफ्टमध्ये, बाबा खोलीत मामींशी बोलत असतात म्हणून. म्हणजे राहायला आल्यात ना! सांगितलंही नाही तुम्ही, भावजी! व्हिजिट व्हिसावर का? किती दिवस?"

मी म्हणालो, मामी झोपल्यात.

"थांबते की." आणि थांबली! सोफ्यावर, खादिमेच्या खोलीच्या दारापासून चार हातांवर. मी बखूर घातला. चहा केला. मामींना मधुमेह आहे, मामींना ऐकू येत नाही, मामी कडक सोवळ्यातल्या, बाहेरच्यांना भेटत नाहीत — एका झाडाचं चरित्र इतक्या तपशिलाने कोणी रचलं नसेल.

"बाई गं! मग या देशात काय खातात त्या?"

"फक्त पाणी," म्हणालो. तेवढं खरं होतं.

जाताना मधुमतीला तिळगूळ दिला. "गोड बोला हं ताई!" सवयीने म्हणून गेली बिचारी, आणि तिच्याच लक्षात आलं. दारात मला म्हणाली, "भावजी, ताईंनी मला काल बोलावून घेतलं होतं. म्हणजे मेसेज केला. इराकडे लक्ष ठेव म्हणाल्या. तुम्ही कुठे जाणार आहात का?"

नाही, म्हणालो. आजारी माणूस काळजी करतं, एवढंच.

मामींचं वाण — हिरव्या काचेची वाटी — कुंडीजवळ ठेवलं.

२३ जानेवारी

सकाळी मोहोर खाली लोंबायला लागलेला दिसला. द्राक्षांच्या घडासारखा, बारीक, फिका. आनंदाने बोट लावलं. तळहातावर पिवळी पूड पडली.

आणि त्र्यंबकचा बैरागी आठवला. वाफ्यातून फिरत रोपं उपटून फेकणारा. आम्ही पोरं विचारायचो, का हो बुवा? "नर है. इसमें कुछ नहीं."

मामी नाही. मामा!

मातुलानी नव्हे, मातुल! पाठशाळेत लिंगाची चूक झाली की गुरुजी अंगठे धरून उभं करत. ही चूक तीन महिने पाणी घालून वाढवली मी. या भुकटीसाठी इराला बापाविना करायला निघालो होतो. मराठीत माणसाचा मामा होतो म्हणतात. माझा तर लागवड करून झाला.

हसू आलं. थांबेना. इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून हसलो, मग ते हसू राहिलं नाही.

२४ जानेवारी

मामांना कात्रीने बारीक केलं. मोरीत, थोडे थोडे, भरपूर पाणी. माती चार ठिकाणी टाकली. खोली फिनेलने पुसली. दोन दिवसांत कुलूपही काढेन. इथे आता पुन्हा इस्त्री.

मधुमतीला सांगितलं. घाबरत सांगितलं, हसेल म्हणून. मामीचा मामा झाला!

हसली नाही. कळ नव्हती त्या वेळी. चांगली तास-दोन तास स्वस्थ होती. गालावर हात नव्हता. ऐकून घेतलं, आणि माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली.

२७ जानेवारी

बरं आहे! आज ती स्वयंपाकघरात उभी होती. इराला गोडा मसाला शिकवत होती — खुणांनी, मोबाइलवर, दगडफूल हातात घेऊन. इरा कुरकुरत होती, "मम्मा, माय प्री-बोर्ड्स!" घरात खमंग वास. दोन महिन्यांनी बखूर सोडून दुसरा वास.

नवी गोळी लागू पडली असावी. हुसेनमियाँना फोन करून सांगितलं. "अल्ला करो, वैनीला आराम पडो," म्हणाले.

२९ जानेवारी

इराने मला खादिमेच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाली, "बाबा, आईने बांगड्या मला दिल्या. लॉकरचा नंबर पाठ करून घेतला. मसाला शिकवताना टाइप केलं, 'नीट बघून घे, बाबांना काही येत नाही.' व्हाय इज शी सेइंग इट लाइक दॅट?"

मराठीतच विचारलं होतं तिने, शेवटच्या वाक्यापर्यंत.

आत गेलो. मधुमतीच्या समोर खाली बसलो. काही विचारायच्या आधीच ती बोलली — टाइप न करता, ओठ न हलवता, "दमले हो मी."

मी तीन महिने झाडाकडे बघत होतो.

३० जानेवारी

एक्झिट-रीएंट्री, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी, निघाली. आज रात्रीच्या विमानाने तिघंही पुण्याला. परीक्षा राहू दे, इराच म्हणाली, "नेक्स्ट इयर देईन, बाबा. चल." पुण्याच्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं — दुखणंही, आणि कालचंही. उतरल्या उतरल्या सरळ घेऊन या म्हणाले. हुसेनमियाँ गाडी घेऊन येतात.

गोळ्यांचा डबा माझ्या खिशात आहे. आज अंघोळीलाही गेलो नाही मी. तिला एकटी सोडायची मला भीती वाटते.