माळावरचे एकतीस दगड

मी, ज्योतीराम कोंडीराम ओव्हाळ, वय वर्षे सत्तावीस, धंदा हंगामी झाडपाल्याची पाहणी, राहणार दापोडी, आज गुरुवार दिनांक १५ नोव्हेंबर १९७९ रोजी दुपारी हा कागद लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. लिहिण्यासाठी मला कोणी दटावलेलं नाही. दटावलं आहे ते न बोलण्यासाठी, त्याचा खुलासा कलम सहामध्ये येईल. शाळा नववीत सुटली, तेव्हा भाषा कुठे कोर्टाची आणि कुठे चाळीची झाली तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

कलम १. चाळीतली खोली भाड्याची आहे आणि पावती आईच्या, म्हणजे भिमाबाईंच्या नावाने फाटते, म्हणून ती मी कोणाला देऊ शकत नाही. तरी लिहितो, कारण वडील वारले तेव्हा चुलते तिसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी मोजायला आले होते. माझ्या मागे तसं कोणी आलं तर त्याला चहा द्यावा आणि हा कागद वाचून दाखवावा. माझे कपडे, घोंगडी आणि पोस्टातलं पुस्तक आईचं. आईला एकच सांगणं, की मी सोळाव्या वर्षी न सांगता ट्रकवर क्लीनर म्हणून गेलो ते तिच्यावर रागावून नाही. ट्रक उभा होता, ड्रायव्हर म्हणाला चल, मी चढलो. बाकीचं आयुष्यही साधारण असंच झालं.

कलम २. नोंदवह्या चार, पावसात भिजलेली पाचवी, आणि झाडांचे नमुने दाबून वाळवायच्या लाकडी जाळ्या पट्ट्यांसकट, हे सगळं कुसुमताईंना. त्या कॉलेजात वनस्पती शिकवतात आणि पाहणी त्यांचीच. चार वर्षांपूर्वी देहूरोडच्या टेकडीवर मी एका फुलात माशी कशी अडकते ते बघत पडलो होतो, वीटभट्टीवरचं काम सोडून. फूल हिरवट, उभ्या कंदिलासारखं. आत केस असतात, ते खाली वळलेले. माशी जाते सरळ, परत येत नाही, केस सुकेपर्यंत. ताई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. म्हणाल्या, "हे अजून कुठे पाहिलंस?" मी सांगितलं, सात ठिकाणी. तेव्हापासून दरसाल आषाढ ते कार्तिक मी त्यांच्याकडे कामाला. ताईंनी मला कधी अडाणी म्हटलं नाही, एकदा सोडून, आणि तेव्हा ते बरोबर होतं.

कलम ३. अण्णासाहेबांना काही नाही. ते कॉलेजातले मोठे गृहस्थ. मी तिकोन्यावर गुडघे फोडून आणलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर 'गोळा करणार' म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. चिठ्ठी बदलावी, एवढीच मागणी.

कलम ४. भिंगाबद्दल. ते सोपानरावांना द्यायचं होतं. सोपानराव कंपनीत फिटर आहेत. आपल्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून आमची पाहणीही गुरुवारची. बायको-पोरं सोडून माळावर रांगायला येणारे असे सात-आठ जण, त्यातले हे सगळ्यात जुने. पण या कागदासाठी ज्यांना विचारलं ते वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचं तो साक्षीदार चालत नाही. सोपानराव साक्षीदार हवेत, सबब भिंग मी सकाळीच त्यांच्या खिशात घातलं. ते म्हणाले, "राव, मी हे सांभाळतोय, घेत नाहीये." त्यांनी काय समजायचं ते समजावं.

कलम ५. सायकल मामेभावाला. आधी ब्रेकची तार बदलावी. मागच्या शुक्रवारी मोशीच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि मी बाभळीत गेलो. तार तुटते तेव्हा तिचे धागे केसासारखे विसकटतात. या तारेची टोकं सपाट होती, दोन्ही चाकांची. मामेभावाला हे सांगून मगच सायकल द्यावी.

कलम ६. आता मुख्य मजकूर. मृत्युपत्र यासाठीच लिहितो आहे.

निघोज्याच्या शिवेवर खडकवस्ती म्हणून दहा-बारा घरं आहेत आणि वर माळ. त्या माळावर कंदिलाच्या फुलाची, म्हणजे खरचुडीची, एकतीस झाडं आम्हाला या श्रावणात सापडली. एवढी एका जागी ताईंनीही पाहिली नव्हती. खरचुडीला खाली कंद असतो, गोड लागतो, गुराखी उकरून खातात. म्हणून पाहणीचा नियम, की फुलाचं कोणाला बोलायचं नाही. प्रत्येक झाडापाशी चुना फासलेला दगड ठेवायचा, त्यावर नंबर, आणि कोणी विचारलं तर 'सरकारी काम' म्हणायचं. सरकारी म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही. ही युक्ती माझी. ताईंना ती आवडली नव्हती, पण कंद वाचले म्हणून त्यांनी ती चालवून घेतली.

माळाचे मालक चिमाजी राणू कड, वय सत्तरीच्या घरात. भोसरीच्या जमिनी कारखान्यांना गेल्या, आता चाकणकडे येणार, असं सगळीकडे चालू होतं. त्यांनी मला ओट्यावर बसवून भाकरी आणि ठेचा दिला आणि विचारलं, "माळ जातुय का रं?" मी तेव्हा त्यांच्या कुडावर चढलेला एक वेल बघत होतो. वेल साधाच निघाला. तोंडातून गेलं, "जाणारच की आबा, आज ना उद्या." दगडांचं विचारलं तर म्हणालो सरकारी आहेत. म्हाताऱ्याने पुढे विचारलं नाही. युक्ती लागू पडली.

भाद्रपदात एका दिवशी पावसात मी रस्त्याला उभा होतो. जमिनीचे दलाल दौलतराव पडवळकर यांनी मला त्यांच्या राजदूत मोटारसायकलवर मागे घेतलं आणि मोशीपर्यंत सोडलं. दगडांचं त्यांनीही विचारलं. कोरडं बसायला मिळालं की माझं तोंड सुटतं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, वही उघडून वाळलेलं फूलसुद्धा दाखवलं. ते हसले. म्हणाले, "म्हणजे फुलाचे दगड. बरं झालं, पण वस्तीत कुणाला बोलू नकोस हं, पोरं खणून खातील."

ज्याला खोटं सांगितलं तो मालक, आणि ज्याला खरं सांगितलं तो दलाल.

दहा-बारा दिवसांनी दौलतरावांनी चिमाजींना हाताला धरून माळावर नेलं आणि एकेक दगड दाखवला. म्हणाले, मोजणी झाली, नंबर पडले, आता सरकार घेईल तेव्हा काय हातात पडेल ते पडेल, त्यापेक्षा मला लिहून द्या. दसऱ्याच्या आधी चिमाजींचा अंगठा उमटला. दिवाळीनंतर शेंगा बघायला मी वर गेलो तर माळाला काटेरी तार होती. राखणदार म्हणाला, मालक बदलले, आणि दगड दाखवल्याची ही वरची हकीकतही त्यानेच सांगितली.

मी चौकातल्या हॉटेलात चार लोकांत म्हणालो की हे मी महसूलच्या सर्कलसाहेबांना सांगणार. मी म्हणतो पुष्कळ, करतो थोडं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दौलतरावांनी ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. मी नव्हतो. आईच्या हातात नारळ ठेवला, तिला मावशी म्हणून हाक मारली, पाणी प्यायले आणि जाताना म्हणाले, "मुलाला माळरानात जपून फिरायला सांगा. एकट्याचा पाय घसरला तर दोन-दोन दिवस कुणाला कळत नाही." आईला वाटलं, किती काळजी करतो माणूस. तिने नारळ फोडून खोबरं वाटलंही. सायकलचं त्यानंतर तीन दिवसांनी झालं.

सोमवारी मी आडवाटेने चिमाजींकडे गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पानाची चंची दोन-तीनदा उघडली आणि मिटली. मग म्हणाले, "त्या दिशी माजी भाकर खाल्लीस. तवाच सांगायचं व्हतंस."

मी म्हणालो, फेरफारावर हरकत घ्या, सुनावणीला मी येऊन बोलतो.

"जगलास तर," म्हातारा म्हणाला. हसला नाही. "आन् त्वांडाचं न्हाई चालायचं. तुज्या त्वांडाचं आमी एकदा ऐकलंय. लिवून ठिव."

म्हणून लिहिलं. चिमाजींची हरकत दाखल झाली आहे, फेरफाराची तारीख आधीच लागलेली होती, त्यातच सुनावणी उद्या शुक्रवारी अकरा वाजता चाकणला. माळ त्यांच्याकडे परत जाण्याचा रस्ता या एका साक्षीवरून जातो, कारण दगड कसले हे दौलतरावांना खरेदीआधीच ठाऊक होतं, हे सांगणारा माझ्याशिवाय कोणी नाही.

कलम ७. सबब शपथेवर लिहून देतो की, खडकवस्तीच्या माळावरचे एक ते एकतीस नंबरचे दगड सरकारचे नाहीत. ते मी ठेवले, चुना मी फासला, आकडे माझ्या हातचे आहेत. ते सरकारी आहेत असं मी चिमाजी राणू कड यांना सांगितलं ते खोटं होतं. ते फुलांचे आहेत असं मी दौलतराव पडवळकर यांना खरेदीच्या आधी सांगितलं ते खरं होतं. वकील म्हणाले, माणूस मेल्याशिवाय मृत्युपत्र लागू होत नाही. हे कलम जिवंतपणीही लागू समजावं.

कलम ८. दगड स्वयंसेवकांनी उचलून ओढ्यात टाकावेत. ताई म्हणतात, मग पुढच्या वर्षी पालापाचोळ्यात झाडं सापडणार नाहीत, चार वर्षांचं काम जाईल. जावं. यावर आमचं भांडण झालं आणि अडाणी ते तेव्हाच म्हणाल्या. नंतर डोळे पुसून त्यांनी स्वतः दगडांची यादी लिहून दिली, ती सोबत जोडली आहे.

कलम ९. या कागदाच्या तीन प्रती आहेत. एक आईच्या पेटीत, एक ताईंकडे, एक सोपानरावांकडे. मी कोणत्या वाटेने आणि कधी निघणार ते मुद्दाम लिहीत नाही. आईलाही सांगितलेलं नाही. ताई म्हणाल्या पोलिसात जा. गेलो होतो. तिथल्या बाकावर दौलतरावांचा भाऊ चहा पीत बसला होता, त्याने मला नावाने हाक मारून जागा करून दिली. मी परत आलो.

कलम १०. उद्या कचेरीत शिपाई माझ्या नावाचा पुकारा करील. तीनदा करतात. तिसऱ्या पुकाऱ्याला मी उभा दिसलो नाही, तर सोपानरावांनी उभं राहून कलम सात मोठ्याने वाचावं. त्याला उशीर झाला असेल, कुठे रमला असेल, असं समजून थांबू नये. आजवर मी सगळीकडे उशिराच पोचलो आहे हे खरं, पण उद्या तसं समजू नये. आधी वाचावं. मग मला शोधायला निघावं, आणि माळाच्या तारेपासून सुरुवात करावी.

मुक्काम दापोडी, १५ नोव्हेंबर १९७९.

सही: ज्योतीराम कोंडीराम ओव्हाळ

वरील मजकूर लिहिणाऱ्याने आम्हा दोघांदेखत वाचला आणि सही केली. तो पूर्ण शुद्धीवर होता. वाचताना दोनदा थांबून दाराशी गेला, आणि दुसऱ्यांदा आल्यावर त्याने दार आतून लावून घेतलं. तेव्हा राजदूतचा आवाज आम्हीही ऐकला.

साक्षीदार १: सोपानराव तुकाराम गाडेकर, फिटर, राहणार कासारवाडी (सही)

साक्षीदार २: इंदुताई महादेव रोकडे, शेजारी, राहणार दापोडी (सही)