अर्धा कोयता

९ मार्च १९७१
कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलो उसाच्या नोंदी घ्यायला, आता कॉलऱ्याचं, म्हणजे पटकीचं, काम गळ्यात. रेडिओ म्हणतो, साथ देशोदेशी फिरतेय. साहेबांचा हुकूम: बागायतदारांना समजवा, तोडणीवाले कसे सांभाळायचे. पाणी उकळा, जंतू मारायची पावडर टाका, आजारी माणूस लगेच टोळीतून वेगळा काढा. सायकल दामटत गावोगाव हेच वाचून दाखवलं. घसा बसला.

११ मार्च
बागायतदार तात्यांच्या मळ्यावर. तिसगावकडची तोडणीची टोळी उतरलीय, त्यांच्या पाचटाच्या कोप्या पाटाच्या कडेला. बैल पाटात धुतात, तेच पाणी पितात. तात्यांना म्हटलं, विहिरीवर भरू द्या.
"आन् माझी हीर नासली मंजी? एक जरी आजारी पडला ना, अख्खी टोळी हाकलून देईन. लेकराबाळांचं घर हाय माझं."
घाबरलाय माणूस, कळतं. पण बोलतो असा की डोकं फिरतं. टोळीचा किसन मुकादम शेजारीच उभा, सगळं ऐकत होता. हे त्याच्यासमोर व्हायला नको होतं.

१३ मार्च
विहिरीचं थोडंफार जमलं. तात्यांचा गडी पाणी काढून पिंपात ओतणार, पावडर टाकणार. टोळीनं पिंपातून घ्यायचं, विहिरीला हात लावायचा नाही. असो. पाटापेक्षा बरं. पिंप काकूंनी दिलं, तात्यांच्या मंडळींनी. आतली बाजरी पोत्यात भरली आणि वर तात्यांनाच चार शब्द सुनावले.
मुकादम म्हणाला, "समदे ठणठणीत हायेत, सायब."
मी विचारलं नव्हतं.

१४ मार्च
उसाच्या फडात गेलो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, तेव्हा कुठं एक कोयता होतो. आज टोळीतला भिवा एकटाच, बायको दिसेना. तोडायचा, मग खाली बसून बांधायचा.
"सरू कुठाय?"
"म्हायेरी गेलीया."
ऐन हंगामात माहेरी? सरळ त्याच्या कोपीत वाकून पाहिलं. सरू पडलेली. डोळे खोल, ओठ सुकलेले. काल दुपारपासून जुलाब-उलट्या.
भिवा मागून धावत आला. "तात्यास्नी सांगू नगा. तुमीच म्हनला न्हवं, येगळं काढा? अर्ध्या कोयत्याला कोन ठिवतंय? आन् माझ्यापायी समदी टोळी जाईल."
सूचना लिहिणाऱ्यानं कोयता कधी बघितलाच नसणार. आणि मी शहाणा, ती पोपटासारखी वाचत फिरलो.
तरी सांगावंच लागलं. ट्रॅक्टर फक्त तात्यांकडे. तात्या भडकले, मुकादमाला नाही नाही ते बोलले, आणि बोलता बोलताच ट्रॅक्टर सुरू केला. काकूंनी ट्रॉलीत गोधडी टाकली.

१५ मार्च
सरू संगमनेरला दवाखान्यात. सलाईन चालू. डॉक्टर काही खात्री देत नाहीत. भिवा तिथंच.
इकडे तात्यांनी हाकलायच्या आधीच टोळीनं निघायला गाड्या जुंपल्या. निघाले तर पटकी गावोगाव जाणार, हे दिसतच होतं. तात्यांशी ओट्यावर बसून बोललो. म्हटलं, हाकलाल तर पुढची टोळी माणूस मरेपर्यंत लपवेल. आजार तुमच्या कानावर आधी आला तरच तुमचं घर वाचेल. मजुरीत भिवाचा कोयता पुरा धरा, त्याचं काम बाकीचे ओढून नेतील.
तात्या नुसतीच सुपारी कातरत बसले. मग उठून स्वतः कोप्यांवर गेले.
"जो आजार सांगंल, त्याचा कोयता मी पुराच धरीन. लपवलं तर मातर माझ्याइतका वाईट कोनी न्हाई."
मुकादमानं बैल सोडले. विश्वास बसला असं काही दिसलं नाही.

१७ मार्च
सरू उठून बसली. पेज प्यायली. संगमनेरहून परत येताना सायकलवरच रडू आलं. रस्त्यात कुणी नव्हतं, बरं झालं.
टोळी फडात. पिंप दोनदा भरावं लागतं आता.

१८ मार्च
सकाळी तात्या आणि मी पिंपाशी उभे. मुकादम आला. फेटा काढून हातात घेतलेला. जरा लांबच थांबला.
"तात्या... माझ्या कारभारनीला रातीपास्नं जुलाब हायेत."
 मला आधी हायसंच वाटलं, खोटं कशाला लिहू. न विचारता सांगितलं त्यानं.
तात्यांकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलेलं. घराकडे एकदा बघितलं, कोप्यांकडे बघितलं. मग ट्रॅक्टरची किल्ली कुठल्या खिशात आहे, ते चाचपू लागले.