पिकअप दोन इंच वर

१२ जानेवारी, सोमवार

काल मोहनेला सत्यनारायणाच्या जेवणाची ऑर्डर होती. तिथल्या गल्लीत नवं काँक्रीट घातलंय आणि ते सुरू होतं तिथे वीतभर पायरीच झालीये. मी हळूच घेतलेली गाडी. तरी पोट खाडकन घासलं, आणि मागून अनिलची हाक आली. हाक नव्हती ती. एवढ्या वर्षांच्या संसारात तसला आवाज मी ऐकलेला नाही.

उकळती आमटी डाव्या पायावर, गुडघ्याखाली. "काही नाही, काही नाही, चल, लोक पानावर बसतील." बाटलीभर पाणी ओतलं पायावर, आणि लेंगा दुमडून पंगत वाढली. आज डॉ. म्हणाले, थोडक्यात निभावलं. मोठा फोड आहे.

गाडी मी चालवत होते.

१३ जाने.

पौष चालू आहे ते बरं. लग्नं नाहीत. अ. पाय उशीवर टाकून बसलाय आणि मी पातेली घासतेय तर तिथून सूचना देतोय.

दोन वर्षांपूर्वी साखरेने त्याचा उजवा डोळा नेला, डाव्यालाही धड दिसत नाही. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं सांगितलं. मग शेहेचाळिसाव्या वर्षी मी लायसन्स काढलं, नाहीतर धंदाच बसला असता. आणि मी पहिल्यांदा गाडी काढली त्या दिवसापासून हा मागे. उलट्या क्रेटवर बसतो, एक पाय पातेल्याला लावून, हात झाकणावर. हॉलवाले आता आत शेगडी पेटवू देत नाहीत, त्यामुळे आमटी आमच्याच ओट्यावरून उकळती निघते. झाकण घट्ट लावलं की गरम आमटी कोंडते आणि उतरते, चव बिघडते. म्हणून झाकण अर्धवट आणि शेजारी माणूस. आमच्या धंद्यात सगळे असंच नेतात. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. मलाही परवापर्यंत वाटलेलं नव्हतं.

१४ जाने., संक्रांत

ओंकार ठाण्याहून आला. बापाचा पाय बघितला, गुळपोळी खाल्ली आणि निकाल दिला, "आई, गाडी लिफ्ट कर." मोबाइलवर व्हिडिओ. आपल्यासारखीच पिकअप, पण तीन इंच वर उचललेली, दातेरी टायर, नदीतून चाललीये. "घासणारच नाही कुठे. आणि दिसेल पण भारी."

म्हटलं, आपल्याला नदीतून नाही, मोहनेतून जायचंय.

अ.ने व्हिडिओ तीनदा बघितला, मोबाइल नाकाला लावून. रविवारपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला.  पण उंच गाडी झुलते एवढं मलाही कळतं. आणि झुलणाऱ्या गाडीत काय असणार, तर उकळती आमटी आणि नवरा.

वाण द्यायला गेले तर सगळीकडे तेच डोक्यात. कुणी वाटी खाली ठेवली तरी दचकत होते.

१६ जाने.

ठाकुर्लीला म्हात्रेंच्या गॅरेजात. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि अ.ला हाक मारली, "शेट, कमान बसली." मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची कमान असते, तिच्यावर सगळा भार. इतकी वर्षं पातेली वाहून ती सपाट झालीये. त्यात एक पाटा वाढवायचा, पुढे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाकायच्या, टायर एक नंबर मोठे. दोन इंच वर येईल.

अ. म्हणाला तीन करा.

"तीन कशाला? वरातीत नाचवाची हाय का गारी?"

मी विचारलं, किती झुलेल. म्हात्रे म्हणाले, "उचलली का झुलनार, वयनी." भात शिजला की फुगणार, तसं. अ.ने माझ्याकडे बघितलं, म्हणजे तू मध्ये बोलू नको. बोललेच. दोनच्या वर एक सूत नाही म्हणून सांगितलं. मला खरं तर एकच हवा होता. पण एकाने ती पायरी टळणार नाही.

घासलं तरी भाजणार, झुललं तरी भाजणार. मधली जागा कुठे असते ते कुणी सांगत नाही.

१९ जाने.

माघ लागला. ठाण्याचं लग्न पक्कं झालं, ८ फेब्रु., पुरणपोळी आणि कटाची आमटी. दोन मोठी पातेली. वधूचे मामा दोनदा बजावून गेले, आमटी वाफाळती हवी.

टायर बघायला कल्याणला. दुकानदार म्हणतो दातेरी घ्या, काँक्रीटच्या कडेवर पकडतात. पण चांगल्या रस्त्यावर घरघरतात आणि सगळी गाडी थरथरते, हेही त्यानेच सांगितलं, पैसे घ्यायच्या आधी. तेवढा बरा माणूस. साधे रस्त्याचे, एक नंबर उंच, बाजूची भिंत कडक असलेले, हे मला पटलं. मऊ भिंतीचे वळणावर कलतात.

टायर निवडण्यात पूर्वी अ.चा हात कुणी धरत नसे. आजही अंगठा दाबून बघत होता, वास घेत होता. मग बाजूवरचा नंबर वाचला आणि चुकीचा वाचला. दुकानदाराने काही न बोलता बरोबर नंबर लिहून घेतला. अ.ला ते कळलं. परत येताना मागे जाऊन बसला. रिकाम्या गाडीत. एक पातेलं नाही, आमटी नाही, मग मागे काय धरायला बसला होता?

मला काय कळायचं ते कळलं. बायको गाडी चालवतेय आणि आपण शेजारी, हे त्याला नको असतं. अख्खं डोंबिवली ओळखतं त्याला.

२३ जाने.

गाडी आली. दोन इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चढताना कळतं. मला पायदानावरून दोन्ही हातांनी लटकून चढावं लागतंय. वरून रस्ता लांबचा दिसतो. रिक्षांच्या टपांवरची धूळ दिसते.

मुद्दाम मोहनेला गेले, त्याच गल्लीत. रिकामीच, अ.ला घरी ठेवून. पायरी आली तेव्हा गाडी जवळजवळ थांबवलीच. पोट घासलं नाही. मागे फिरून पुन्हा घेतली. नाही घासलं. एका बाईने खिडकीतून विचारलं, कुणाचं घर शोधताय?

पण नवा पाटा कडक आहे, रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर बोकडासारखी उडते. म्हात्रे म्हणाले होते, वजन पडलं की बसेल. बघू. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. इथे पाय पोळला अ.चा आणि फुंकतेय मी.

२६ जाने.

सुट्टी, रस्ते मोकळे. दोन्ही पातेली पाण्याने भरली, आमटी असते तेवढीच, चार बोटं खाली. झाकणं नेहमीसारखी. अ. मागे. मी म्हटलं तू नको, नुसती पातेली ठेवू. "मग कळणार कसं?" फोडावर खपली पण धरलेली नाही अजून.

ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याने निघाले. छान चालली. गतिरोधकावर अगदी अलगद, वजनाने पाटा खरंच बसला. मला हसू यायला लागलेलं. म्हटलं जमलं. तेवढ्यात डावीकडून रिक्षा घुसली, मी ब्रेक मारला, थोडं उजवीकडे ओढलं. फार जोरात नाही. रोज होतं तेवढंच.

थांबवली. मागे गेले. अ. क्रेटवर बसलेला, गळ्यापासून खाली चिंब. शर्ट पोटाला चिकटलेला. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"थंड आहे गं," म्हणाला आणि हसला.

मी फूटपाथवर बसले.  तो वरून विचारत होता काय झालं, काय झालं. छाती, मान, हनुवटी. मागच्या वेळी गाडी खाली होती म्हणून गुडघ्याखाली भागलं. आता मी पैसे मोजून ती छातीपर्यंत आणली.

२८ जाने.

म्हात्रेंकडे परत. नवा पाटा काढा म्हटलं. काढला तर पुन्हा घासेल, म्हणाले. हवा थोडी कमी केली, पुढचं काहीतरी घट्ट केलं. मी पाण्याचं सांगितलं तर हात पुसत थांबले. "मागं मानूस बसतो हे पयलं नाय का सांगाचं? मी आपला सामानाचा हिशोब धरला." थोडे चिडलेच माझ्यावर. खरं आहे. आम्हालाही सांगावंसं वाटलं नाही. आम्ही त्याला सामानातच धरलेलं.

घरी आल्यावर अ.ला म्हटलं, पुढे बस.

"आमटी कोण धरणार?"

सांडली तर सांडली.

"अर्धं पातेलं घेऊन लग्नाला जायचं?"

दुधाच्या कॅनसारखे बंद डबे घेऊ. तर म्हणे, त्यात आमटीला वास लागतो. ड्रायव्हर ठेवू. लग्नाच्या दिवशी कोण मिळतो, आणि मिळाला तर पळवतो. प्रत्येकाला उत्तर तयार. शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, सरळ सांग ना, माझ्या शेजारी बसायची लाज वाटते. भाजून घेशील पण बायकोच्या डावीकडे बसून कुणाला दिसणार नाहीस.

तो उठून खाली गेला. खिडकीतून बघितलं तर फडक्याने नवे टायर पुसत होता. चारही.

१ फेब्रु.

बोलणं चहा-जेवणापुरतं. ओंकारचा फोन, "मग, कशी वाटते गाडी उंच?" म्हटलं, भारी दिसते.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, कारण कुणाला सांगितलं तर म्हणतील गाडी चालवायचीच सोड. चालवायची भीती नाही. चालवताना मागचं दिसत नाही त्याची आहे. आरशात नुसती हिरवी ताडपत्री. प्रत्येक ब्रेकला मी कान मागे लावते आणि त्या नादात समोरचं राहतं. परवा भाजी आणायला गेले तेव्हा गाडी रिकामी होती, तरी मागे आवाज झाल्यासारखा वाटला आणि थांबले. मागच्याने शिव्या घातल्या.

५ फेब्रु.

चाचणीपुरती आमटी केली, झाकणांवर ओलं फडकं ताणून नाडीने बांधून बघितलं. सावकाश जाताना ठीक. ब्रेकला फडक्यातून झिरपतं, पण उसळत नाही. मला आशा वाटली. अ.ने आमटीची चव घेतली, तोंड वाकडं केलं. "तासाभरात उतरेल." मी पण घेतली. मला काही फरक कळला नाही. त्याला कळला असेलही, आयुष्य गेलंय त्याचं त्यात. की मागे बसायला निमित्त पाहिजे म्हणून?

कुणावर विश्वास ठेवू? त्याच्या जिभेवर?

८ फेब्रु., रविवार

गाडीतच लिहितेय. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, घरी गेल्यावर चिकटवेन.

सगळं भरून झालं. पोळ्या, भात, भाज्या, दोन पातेली आमटी, वरती तवंग असा की आरसा. फडकी बांधली होती मी. खाली आले तर सोडलेली. अ. क्रेटवर, पाय पातेल्याला, हात झाकणावर.

म्हटलं, पुढे ये.

"उशीर होतोय. चल."

तू पुढे आलास की निघू.

नाही आला. मी बसले, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. पहिला गिअर टाकला आणि पाय क्लचवरून निघेना. गेटबाहेर वळण आहे, मग पूल, मग ठाण्यापर्यंत किती वेळा ब्रेक लागेल. बंद केली. उतरले. मागे गेले आणि चढायला लागले. उंच झालीये, जमेना. त्यानेच हात दिला.

आता पातेल्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. वाफ तोंडावर येतेय. इतकी गरम असते हे मला मागे बसल्यावर कळलं.

त्याने झाकण थोडं सरकवलं. मग म्हणाला, "लाज नाही गं."

मग काय?

"मला समोरचा ट्रक किती लांब आहे ते कळत नाही. सगळे अंगावर येतात. पुढे बसलो की माझा पाय आपोआप ब्रेक दाबतो. खाली काही नसतं. नुसता पत्रा." आणि झाकणावरचा हात न काढता, "इथे रस्ता दिसत नाही. आमटी दिसते. हिचं काय करायचं ते मला माहीत आहे."

मी महिनाभर पुढे त्याच्यासाठी भिऊन चालवतेय आणि तो दोन वर्षं मागे मला... नाही, मला नाही. रस्त्याला. मला कसं कळलं नाही? पुढे बसवलं तर ठाण्यापर्यंत एवढा वेळ त्याला मरणाची भीती. मागे ठेवलं तर मला. आणि तिसरी जागा या गाडीत नाही, दोन इंच उचलली काय नि चार.

म्हटलं, मला सांगायचंस.

"तू चालवायची सोडली असतीस."

हे खरं आहे.

मामांचा फोन वाजतोय. दुसऱ्यांदा. वरून कुणीतरी गॅलरीतून विचारतंय गाडी बंद पडली का. अ. बोटाने आमटीचा काठ चाचपून म्हणतो, अजून अर्धा तास वाफ धरेल.

उठायला हवं. दोघांपैकी कुणीतरी आधी उठायला हवं.