खोडलेला यूपीएस

आम्रताई,

कॉम्प्युटर उघडा दिसेल, दचकू नकोस. आतलं ग्राफिक्स कार्ड मीच काढलंय आणि टिळक रोडच्या दुकानात परत करायला चाललोय. दुकानदार कुरकुर करेल, पण बदल्यात यूपीएस घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

दुकानातला यूपीएस संपलाय, असं मी तुला सांगितलं होतं. संपला नव्हता. आपल्या बजेटमध्ये दोन्ही बसेनात, तेव्हा यादीत तू सगळ्यात वर लिहिलेला यूपीएस मी दुकानात उभ्या उभ्या खोडला. दर गुरुवारी लाइट जाते हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल, पण मला गेमपुढे काही दिसत नव्हतं. कार्डाशिवाय तुझी ड्रॉइंग्ज उघडणार नाहीत, हीसुद्धा थाप होती. मॉनिटरची केबल मागे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सॉकेटला जोडून ठेवली आहे. बघ, सगळी उघडतात.

काल लाइट गेली आणि तुझा सकाळपासूनचा प्लॅन गेला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तू लाइटवाल्यांच्या नावाने बोटं मोडलीस. मीही मोडली, तुझ्यापेक्षा जोरात. संध्याकाळी लाइट आल्यावर तू मुकाट्याने पहिल्या भिंतीपासून पुन्हा काढायला बसलीस आणि मान वर न करता म्हणालीस, "नशीब, तुझं कार्ड तरी वाचलं."

माझं कार्ड म्हणालीस, ताई. म्हणजे तुला सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

डब्यातले पोहे तुझ्यासाठीच ठेवलेत.

प्रज्ञेश