पाठमोरी कालिना

मी, रादोस्तिना गेन्चेवा, वय एकोणऐंशी, राहणार त्र्याव्ना, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रकार, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण कलम तीन वाचून तुम्हाला शंका येणार.

एक. घर आणि बँकेत असेल ते गावच्या ग्रंथालयाच्या बालविभागाला. आधी छताची गळती काढा. शेजारचे औषधवाले प्रोदान यांना काहीही देत नाही. 'पोरांना मरणाची पुस्तकं कसली दाखवता, बाई?' हे मी वीस वर्षं ऐकलं. म्हणूनच त्यांना साक्षीला बोलावलं आहे.

दोन. 'पलीकडे कोण आहे?' या माझ्या पुस्तकाचे हक्कही ग्रंथालयाला. ते का काढलं, ते सांगते. माझा भाऊ स्तामेन याची मुलगी कालिना सात वर्षांची असताना तापाने गेली. शेवटच्या दिवसांत तिने विचारलं, "आत्या, मेल्यावर थंडी वाजते का गं?" मी म्हटलं, "गप, असलं बोलू नये." पोरीने परत काही विचारलं नाही. त्यानंतर मी आयुष्यभर मुलांच्या असल्या प्रश्नांचीच पुस्तकं काढली.

स्तामेनला तिचा चेहरा बघवेना. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे फाटकावर दर वर्षी तिचं निधनपत्रक लावतो, त्यात फोटोची चौकट कोरी ठेवतो. म्हणून मीही तिला शेवटच्या पानावर नदीकाठी पाठमोरी काढली. तरी त्याने ओळखलं. "माझी पोर विकायला काढलीस?" म्हणाला. त्याला एकतीस वर्षं झाली, तो माझ्याशी बोललेला नाही.

तीन. त्या पानाचं मूळ चित्र ग्रंथालयात टांगलेलं होतं. एकदा एक मुलगा म्हणाला, "तिचा कान दिसतोय." मी कान काढलेला नाही. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या मुलांना गाल दिसला. मला आजही पाठच दिसते. गेल्या गुरुवारी पाच वर्षांची नेवेना म्हणाली, "आजी, ती पूर्ण वळली."

"माझ्याकडे बघते का गं?"

"तुझ्याकडे कशाला? दाराकडे बघतेय. कुडकुडतेय बिचारी."

मी घाबरले, लपवत नाही. चित्र त्याच दिवशी घरी आणलं. ते मी स्तामेनला देते, पण कोणी पोचवायचं नाही. मी गेल्यावर चाळीस दिवसांच्या आत त्याने स्वतः इथे यायचं आणि त्याच्या कपाटात कुलपात ठेवलेला तिचा निळा कोट घेऊन यायचं. अरे बाबा, भांडण माझ्याशी होतं ना? मी तर नसेनच. तिला मी गप्प केलं, निदान तू तिच्याशी बोल.

सही: रादोस्तिना गेन्चेवा

साक्षीदार १: एव्दोकिया मिनेवा, बेकरीवाली. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: प्रोदान कोलेव, निवृत्त औषधविक्रेता. सही माझ्यासमोर झाली. चित्राबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. पण सही करून निघताना त्याच्याकडे पाठ फिरवायचं धाडस झालं नाही, दारापर्यंत मागे मागे चालत आलो. दार उघडंच ठेवलं आहे. स्तामेनकडे आत्ता जातो आहे. बाई जायच्या, मग चाळीस दिवस, एवढी वाट बघायची नाही.

त्र्याव्ना, ४ नोव्हेंबर २०१९