धामापूरचा उतार

बाबा, काल आपल्या अंगणात चार पोरं आली होती. तुमची शर्यत पुन्हा सुरू करायची म्हणतात. त्यांच्या जन्माआधी बंद पडलेली शर्यत त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. तुम्ही असतात तर उठून आत गेला असतात.

भाड्याच्या सायकलींचं दुकान चालवणारा माणूस तीन दिवसांची शर्यत भरवतो म्हटल्यावर मालवणच्या बाजारात लोक हसले होते. पहिल्या दिवशी नांदगाव ते मालवण, दुसऱ्या दिवशी धामापूरवरून कुडाळ, तिसऱ्या दिवशी वेंगुर्ला. पहिल्या वर्षी निम्म्या सायकलींना कॅरिअर होते. दुसऱ्या वर्षी गोव्याची, कोल्हापूरची मुलं आली, आपल्या ओटीवर झोपली, आणि आई पहाटेपासून त्यांच्यासाठी घावणे काढत बसली. तिसऱ्या वर्षी दादा उतरला. पहिला दिवस त्यानेच जिंकला. त्या संध्याकाळी तुम्ही उगाचच दोनदा बाजारात जाऊन आलात.

दुसऱ्या दिवशी धामापूरच्या उतारावर त्याची सायकल घसरली आणि तो रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर आपटला. तुम्ही मागच्या जीपमध्ये होतात. दवाखाना येण्याआधीच तो तुमच्या मांडीवर गेला. आई तुम्हाला एकदाच बोलली, "तुमची शर्यत माज्या झिलाक खावन गेली." त्याला अग्नी देऊन तुम्ही परतलात तर सगळे स्पर्धक अंगणात उभे. आता घरी जाऊ का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तुम्ही ओटीच्या पायरीवर बसलात. मग म्हणालात, "उद्या वेंगुर्ल्याक जावया. पण कोणी कोणाच्या फुडे जाव नको."

ते तसेच गेले, हळूहळू, एकमेकांना धरून. वेंगुर्ल्यात तुम्ही प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवलात. शर्यत तिथेच संपली. पुढे दुकानही विकलंत, आणि दादाचं नाव मरेपर्यंत तुमच्या तोंडून आलं नाही.

काल पोरांना मी नाहीच म्हणणार होते. पण आई आतून भिंतीला धरत बाहेर आली. म्हणाली, "करा. पण त्या उतारार माणूस उभो ठेवा." तिला इतकी वर्षं वाटत आलंय, तिथे कुणी हळू जा म्हणून हात दाखवायला असतं तर तो वाचला असता.

बाबा, त्या सकाळी ती विहिरीवर होती. मी चुलीपाशी होते. तुम्ही दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "उतारार ब्रेक मारू नको, मागे पडशीत."

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.