रेडिओले कासरा

भातकुली, शनिवारची संध्याकाळ

चिरंजीव चंद्रभानले गोदाताईचा आशीर्वाद. तुयी कंबर आता कशी हाय? इकडे सारे खुशाल हायेत, मी सोडून. तू भाऊबीजेले ओवाळनीत देल्ला तो बॅटरीवाला रेडिओ येऊन घेऊन जाय. अकोल्याच्या जठारपेठेतून निंघाले सवड नसन तं सवड काढ.

रेडिओ देल्ला तू मले, पन ठेवला यायनं बैठकीत. अन् बैठकीत दिवसभर बसतेत माये भासरे. (भासरे म्हंजे यायचे थोरले भाऊ. तुले ठाऊक हाय, पन तुयी बायको शहरातली, तिले समजलं पायजे. आमच्यात भासऱ्यासमोर जात नाई, बोलत नाई. लग्न झाल्यापासून त्यायनं माया फक्त बांगड्यायचा आवाज ऐकला.) ते सकायपासून इंदूर लावून भजनं ऐकतेत. अन् आज दुपारी नागपूरवर तुयी तारा गानार होती! आत्यानं भाचीचं गानं सोडून भिंतीआडून इंदूर ऐकाचं? यायले म्हटलं, तुमी सांगा भावाले. हे म्हनाले, "दादाले कसं सांगू?" जल्मभर हेच.

मंग म्या इचार केला. गाडीतला मानूस बैलाले हात लावते काय? कासऱ्यानं वळवते. भासरे सोमवारी वावरात गेले तशी मी बैठकीत घुसली. स्टेशनाच्या बटनाले दोन्हीकून काया दोरा गुंडाळला, अन् रेडिओखाली अंथरलेल्या रुमालाखालून, मधल्या भिंतीच्या झरोक्यातून चुलीपाशी आनला. उजवा वढला का काटा नागपूरले, डावा वढला का इंदूरले. पन चुलीपासून काटा थोडाच दिसते! म्हून दोऱ्याले शिकवलं. नागपूर बोललं तिथं दोऱ्याले हळद लावली, इंदूर बोललं तिथं कुंकू. हळद झरोक्यात आली का नागपूर. हे दारातून म्हनाले, "गाडीले जुपतं काय त्याले?" म्या म्हटलं, "गप बसा, नाईतं तुमालेई बांधीन."

दुसऱ्या दिवशी वढून पाह्यलं, तं हळद झरोक्यात अन् रेडिओत नुसती खरखर. चुलीच्या वाफेनं सूत सैल पडलं होतं. साऱ्या दोऱ्याले मेन घासलं अन् भासरे मारुतीले गेले तवा पुन्हा पयल्यापासून शिकवलं. (एवढ्यात आमचे हे शिकले असते.) भासरे मात्र भेले. भजनात खरखर आली म्हून रेडिओवरून लिंबू उतरवलं. ते म्या वरनात पिळलं. भूत मीच, मले कायचं भेव?

आज तारेची येळ झाली. म्या हळद आनली, नागपूर लागलं. भासऱ्यायनं हातानं फिरवून इंदूर केलं. म्या वढलं, त्यायनं फिरवलं. मंग दोरा त्यायच्या बोटाले लागला असन, कारन तिकून असा झटका आला का माया कोपराचा धक्का लागून ताकाचं गाडगं चुलीत गेलं. मी सोडते काय? पाय भिंतीले लावून वढलं. तेवढ्यात नागपूरची बाई बोलली, "अकोल्याच्या तारा..." अन् तिकून दोरा एकदम सैल! मी पाटावर आपटली. त्यायनं रेडिओचा आवाज एवढा मोठा केला का शेजारची चतुराबाई आंगनात आली. तारा लय गोड गायली बाप्पा. (मधेच घसा बसला, तिले सुंठ दे.)

गानं सरल्यावर भासरे भिंतीकडे तोंड करून बोलले, "आपली पोरगी गाते हे या भिंतीनं सांगतलं असतं, तं काय भिंत पडली असती?"

म्या चुलीले म्हटलं, "चुले, पुढच्या बारीले सांगजो."

आता खरं दुखनं ऐक. दोरा त्यायनं तोडला नाई. घडीभरानं हलला. झरोक्यातून पाह्यलं तं रिकामा कप वर धरलेला! एक झटका म्हंजे चहा, दोन झटके म्हंजे पानी, हे त्यायनं दोऱ्याले लगेच शिकवलं. रेडिओ मी चालवनार होती, आता रेडिओपाशी बसलेला मानूस मले चालवून राहिला. तवापासून चहाचं पातेलं खाली उतरलं नाई. म्हून घेऊन जाय तुया रेडिओ.

तुयी ताई,
गोदा

ता. क. रेडिओ न्यायले येऊ नको. तारेचं पुढचं गानं कवा हाय ते आधी कळव, मी चुलीले सांगीन.

आनखी ता. क. आलाच तं एक लहान पितळी घंटी आनजो, दोऱ्याले बांधाची हाय. पोळ्या लाटताना झटका समजत नाई. इतक्या वर्सानं मानूस काई बोलून राहिला, अन् मलेच ऐकू येत नाई.